पोस्टर्स राहू द्या, आधी विम्याचे पाहू

वेंगुर्ल्याच्या एका वाचकांचे काका बोटीवर नोकरीला होते आणि त्यांनी न्यूयॉर्कहून आणलेली दूरचित्रवाणी मालिकांची दोन जुनी सचित्र पोस्टर्स आजही घरात आहेत. आता मुंबईचा एक विक्रेता तशीच 25 पोस्टर्स 3 लाखांना देऊ करतो आहे आणि आठ वर्षांत पैसे दुप्पट होतील असे सांगतो आहे. वाचकांचे वय 38 आहे. घरी पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. चार खोल्यांचा होमस्टे हेच उत्पन्नाचे साधन असून त्यावर 14 लाखांचे कर्ज आहे. मुलीच्या शिक्षणासाठी ही पोस्टर्स घ्यावीत का, असे त्यांनी विचारले आहे.

गुंतवणूक म्हणून घेऊ नयेत. ती सुंदर आहेत, यात वाद नाही. अमेरिकेत 1971 पासून ‘मास्टरपीस थिएटर’ या नावाखाली ब्रिटिश मालिका दाखवल्या जात. मोबिल ही तेलकंपनी त्यांची प्रायोजक होती आणि सीमोर क्वास्ट, इव्हान चेर्मायेफ यांच्यासारख्या नामवंतांकडून ती जाहिरातीची चित्रे करून घेत असे. परंतु तुमच्या हाती येणार आहेत त्या छापील प्रती. विक्रेत्याला एवढेच विचारा, की 12 हजारांना दिलेले पोस्टर तो उद्या कितीला परत घेईल. तो 6 हजार म्हणाला, तर वर्षाला 9 टक्क्यांनी भाव वाढूनही आठ वर्षांनी तुमचे फक्त मुद्दल सुटेल.

शिवाय तुम्ही पाठवलेला फोटो नीट पाहा. चिऱ्याच्या भिंतीवरच्या त्या पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात चहाच्या थेंबांसारखे तपकिरी डाग पडले आहेत आणि काच थेट कागदाला टेकलेली आहे. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात 25 कागद जपणे सोपे नाही, आणि प्रत्येक डागामागे भाव उतरतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. तसे केलेल्या पोस्टरला जाणकार संग्राहक हात लावत नाही.

हे 3 लाख मोकळे आहेत असे तुम्ही लिहिता, पण ते मोकळे नाहीत. घरखर्च 35 हजार आणि कर्जाचा हप्ता 18 हजार धरला, तर जून ते सप्टेंबर या पाहुण्यांविनाच्या चार महिन्यांना 2 लाखांहून अधिक लागतात. ही तुमची पावसाळ्याची बेगमी आहे.

मला खरी काळजी वाटली ती पत्राच्या शेवटी सहज लिहिलेल्या एका ओळीने: ‘विम्याची सोय चोख आहे, वर्षाला 1 लाख भरतो, 20 वर्षांनी हमखास 36 लाख मिळणार.’ कर्ज मंजूर होताना ही पॉलिसी तुमच्या गळ्यात मारली गेली. तिचा परतावा वर्षाला जेमतेम सव्वापाच टक्के पडतो; तेच हप्ते पीपीएफ या सरकारी बचत योजनेत आजच्या 7.1 टक्के दराने 44 लाखांच्या आसपास जातात. तरी परतावा ही दुय्यम गोष्ट आहे. तुमचे विमासंरक्षण आहे 10 लाखांचे आणि कर्ज आहे 14 लाखांचे. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले, तर विम्याची सगळी रक्कम देऊनही तुमच्या पत्नीच्या डोक्यावर 4 लाखांचे कर्ज उरेल आणि घरखर्चाला एक रुपयाही राहणार नाही. याला विम्याची सोय म्हणता येत नाही, आणि ही पॉलिसी विकणाऱ्याने तुम्हाला हे सांगितले नाही, याचा मला मनापासून राग येतो.

1 कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा, तुमच्या वयाला वर्षाला साधारण 15 ते 20 हजारांत मिळतो. त्यातून कर्ज फिटून 86 लाख उरतात आणि 6 टक्क्यांनी वर्षाला 5 लाख येतात. घरखर्च 4 लाख 20 हजार आहे. अर्जात तंबाखू, रक्तदाब, साखर यांतले काहीही लपवू नका. हा विमा 1874 च्या विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली घ्या, म्हणजे ती रक्कम पत्नीची आणि मुलीची राहते व कर्ज देणाऱ्यांना तिच्यावर हक्क सांगता येत नाही.

तो विमा हातात पडेपर्यंत जुनी पॉलिसी चालू ठेवा. त्यानंतर कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आता बंद केल्यास किती मिळतील आणि पेड-अप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास, मुदतीअखेर किती मिळतील. तुमचे तीन हप्ते भरून झाले आहेत, त्यामुळे बंद करताना किमान 35 टक्के, म्हणजे लाखभर रुपये, मिळायला हवेत. उरलेल्या 2 लाखांचे वाईट वाटेल, परंतु त्या दुःखापायी पुढचे 17 लाख तिच्यात घालू नका.

दरवर्षी सुटणाऱ्या 1 लाखातून टर्म विम्याचा हप्ता भरून उरलेली रक्कम मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात टाका. सध्याचा दर 8.2 टक्के आहे आणि मुलगी 18 वर्षांची झाली, की शिक्षणासाठी निम्मी शिल्लक काढता येते. तिला ऑक्टोबरात दहावे वर्ष पूर्ण होते, असे तुम्ही लिहिले आहे. हे खाते त्याआधीच टपाल कार्यालयात उघडून घ्या. दहा वर्षे पूर्ण झाल्यावर ते उघडता येत नाही.