मालेगाव-येवल्याकडे कपाशी सोडून लोक मका का लावतायत? देशातच कापसाचं गणित बिघडलंय का?

बिघडलंयच, आणि भावापेक्षा उताऱ्यात जास्त. 2002 ला बीटी (अळीला मारणारं जनुक घातलेलं कपाशीचं बियाणं) आलं तेव्हा फवारण्या खरंच कमी झाल्या होत्या. पण गुलाबी बोंडअळीने बीटीलाही दाद देणं सोडलं. 2017 चा हंगाम आठवत असेल. ही अळी बोंडाच्या आत बसते, वरून बोंड धडधाकट दिसतं, फुटलं की कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. त्यात आपल्यापैकी बरेच जण फरदड ठेवतात, म्हणजे वेचणी झाल्यावरही पाणी देऊन तीच कपाशी उभी ठेवतात. मग अळीला उन्हाळ्यापर्यंत घर.

वेचणीला मजूर किलोवर पैसे घेतात, तेही मिळाले तर! मका मात्र मशीनने निघतो.

भावाचं म्हणाल तर 2025-26 साठी लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल. पण ओलावा 12 टक्क्यांवर गेला की सीसीआय (हमीभावाने खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ) घेत नाही, आणि दिवाळीतला कापूस ओलाच असतो. शिवाय ऑगस्ट 2025 मध्ये सरकारने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं, नेमकं वेचणीच्या तोंडावर. गिरण्यांची सोय झाली.

काळी, खोल जमीन असेल तर थोडी कपाशी ठेवा, पण डिसेंबरात पऱ्हाट्या (कपाशीची उभी झाडं) उपटाच.