'असहमतीपूर्ण अश्लील डीपफेक' हे मराठी बरोबर आहे का?

प्रश्न असा आलाय की 'नॉन-कन्सेन्शुअल सेक्शुअल डीपफेक'विरुद्धच्या कायद्यांवर मराठीत लिहायचंय, एका भाषांतरात 'असहमतीपूर्ण अश्लील डीपफेक' असं सापडलं, ते वापरू का? माझ्या मते वापरू नका. 'डीपफेक' तेवढा राहू दे, तो आता सगळ्यांना कळतो. (२०१७ मध्ये रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवर 'डीपफेक्स' असं टोपणनाव घेऊन कुणीतरी नट्यांचे चेहरे पॉर्नवर चिकटवून टाकत होता, त्या नावावरून हा शब्द पसरला, म्हणजे शब्दाचं मूळच या गुन्ह्यात आहे.) उरलेले दोन्ही शब्द मात्र बदलायला हवेत.

आधी 'असहमती'. मराठीत सहमती होते ती मतांची. बैठकीत एखाद्या मुद्द्यावर सहमती होते, नाही झाली तर आपण असहमत असतो. इथे कुणाचं मत विचारलेलंच नाहीये! स्वतःच्या शरीराबद्दल, चेहऱ्याबद्दल माणूस देतो ती संमती. मग 'असंमत' म्हणू का, तर तिथेही अडचण आहे, कारण 'असंमत' ऐकलं की वाटतं जिचा चेहरा वापरला तिला विचारलं होतं आणि तिने नाही म्हटलं. 'मर्जीविरुद्ध'चं तेच. 'नकळत' म्हणावं तर धमकी देऊन, सांगून-सवरून केलेलं त्यात बसत नाही. 'संमतीविना' किंवा 'संमतीशिवाय' यात सगळं येतं, विचारलंच नाही तेही आणि नकार असताना केलं तेही. बिनशर्त, बिनविरोध यांच्यासारखं 'बिनसंमतीचं' पण छान मराठी आहे, बोलताना मी तेच वापरतो.

आता 'अश्लील', आणि हा मला जास्त खुपतो. अश्लील हा शब्द बघणाऱ्याच्या बाजूने बोलतो. भारताच्या आयटी कायद्याचं ६७ वं कलम बघा, तिथे प्रश्न हा आहे की हे बघून बघणाऱ्याचं मन बिघडेल का, जिचा चेहरा आहे तिची संमती होती का हे ते कलम विचारतच नाही. ६६ई मध्ये संमती हा शब्द आहे पण ते आहे खासगी अवयवांचा फोटो काढणं, पसरवणं याबद्दल, आणि डीपफेकमध्ये शरीर बरेचदा दुसऱ्याच कुणाचं असतं किंवा कुणाचंच नसतं, त्यामुळे ते नीट लागू होतं का यावरच वाद. (२०२१ च्या आयटी नियमांत मात्र मॉर्फ केलेल्या फोटोंचा स्पष्ट उल्लेख आहे, तक्रार आली की प्लॅटफॉर्मने २४ तासांत कारवाई करायची असं तेव्हा ठरलं, २०२६ मध्ये ही मुदत आणखी कमी केली.) अलीकडे इतर देशांत जे कायदे झाले त्यांचा सगळा भर संमतीवर आहे. म्हणून 'लैंगिक' म्हणा, तो शब्द फक्त सांगतो की चित्र कसलं आहे, कुणावर डाग लावत नाही.

'खोटा व्हिडिओ' म्हणावं का असंही विचारलंय. चूक नाही, पण 'खोटा आहे ना, मग काय बिघडलं' असं म्हणायला लोक मोकळे होतात. 'बनावट' जास्त चांगला, कारण बनावट नोट म्हटलं की ती कुणीतरी बनवलीय हे त्यातच आलं. अमेरिकेच्या मे २०२५ च्या टेक इट डाउन कायद्यात 'डिजिटल फोर्जरी' असा शब्द आहे, त्याला 'डिजिटल बनावट चित्रण' फिट बसतं. ब्रिटनने २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी अॅक्टमध्ये वेगळीच वाट काढली, खरं-खोटं या वादात न पडता व्यक्ती 'दिसते किंवा दिसत असल्याचं भासतं' असं कुठलंही खासगी चित्र संमतीविना पसरवणं हा गुन्हा केला. आपल्याकडे 'भासणे' हे क्रियापद आहे, असं वाक्य मराठीत अगदी सहज होतं.

पण सगळ्यात जास्त काळजी मला 'तिचा अश्लील व्हिडिओ व्हायरल झाला' या वाक्याची वाटते, बातम्यांत रोज असतं. 'तिचा' ही षष्ठी बघा, जणू तिनेच केलेला, तिच्या मालकीचा. तो तिचा नाहीच, 'तिचा चेहरा वापरून बनवलेला' आहे. आणि 'झाला' अकर्मक, पाऊस झाला तसा व्हिडिओ व्हायरल झाला, करणारा कुठे गेला? कायदा असं बोलत नाही, कायदा क्रियापदं मोजतो. पसरवणं गुन्हा, पसरवायची धमकी देणं गुन्हा, ब्रिटनने २०२५ च्या कायद्यात बनवणंही गुन्हा केलं, दक्षिण कोरियाने २०२४ मध्ये जाणूनबुजून बाळगणं आणि पाहणंसुद्धा, तीन वर्षांपर्यंत कैद. एवढी नेमकी क्रियापदं समोर असताना आपण 'व्हायरल झाला' लिहून करणाऱ्याला वाक्यातून सोडून देतो, म्हणून 'पसरवला' लिहा, कुणी ते माहीत नसेल तर 'कुणीतरी पसरवला' लिहा पण कर्ता ठेवा.

'डीपफेक' या शब्दाच्या लिंगाचं विचारलं होतं ते राहिलं. तो डीपफेक, अनेकवचन 'हे डीपफेक', मी असंच लिहितो, बोलताना नपुंसकलिंगी 'ते डीपफेक' म्हणणारेही आहेत आणि दोन्ही चालतं. 'पीडिता' मात्र सरसकट नको, या प्रकारात बहुतेक वेळा बाईलाच लक्ष्य करतात हे खरं, पण कायदे 'व्यक्ती' म्हणतात, तेव्हा नियम सांगताना 'ज्या व्यक्तीचा चेहरा वापरला ती' असं लिहा, आणि व्यक्ती हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे पुढचं क्रियापद तसंच लागेल, पुरुषाबद्दल असलं तरी.