वाघ काय करतोय ते बघायला जाऊ

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

लेकाला भायखळ्याच्या राणीच्या बागेत प्राणी दाखवायला न्यायचंय, हा तुझा मेसेज वाचला आणि यादीही वाचली. पेंग्विन, वाघ, बिबट्या, पाणघोडा, मगर, अस्वल, तरस, पक्षी, मग शेजारचं म्युझियम आणि कंसात 'वेळ उरला तर गेटवे'. अरे, लेक दोन वर्षांचा आहे तुझा! गेटवे आधी खोड. मग म्युझियम खोड. उरलेल्यांतले दोन ठेव, पेंग्विन आणि वाघ. बाकीचे वाटेत भेटले तर भेटले, नाही भेटले तर राणीची बाग कुठे पळून जात नाही.

इतकी वर्षं बालवाडीच्या सहली तिथे नेल्या, त्यावरून सांगते. या वयाचं मूल दीड तास छान असतं, दोन तास बरं असतं आणि त्यापुढे ते मूल राहत नाही, ओझं होतं. आपण मात्र तिकीट काढलंय म्हणून हट्टाने पुढचा पिंजरा गाठतो. तिकिटाचं मनाला लावून घेऊ नकोस. 2017 साली पाच रुपयांचं तिकीट पन्नास झालं तेव्हा केवढी ओरड झाली होती, तरी मुंबईत एवढ्या पैशांत एवढी सावली दुसरीकडे मिळत नाही. तीन वर्षांखालच्याला तिकीट नाहीच. निघण्याआधी दर एकदा पाहून घे, एवढंच.

आता वार. बुधवारी बाग बंद. देशातल्या प्रत्येक प्राणिसंग्रहालयाला आठवड्यातून एक दिवस प्रेक्षकांसाठी बंद राहावंच लागतं, तसा नियम आहे. यातली गोम अशी की बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद करतात. त्यामुळे सुट्टीला जोडून गुरुवारची रजा टाकशील तर फाटकाशी उभा राहशील. रविवारी नकोच. एक तर गर्दी, त्यात मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, तो नेमका तुमच्या परतीच्या वेळी. आडवारी जायचं तर डोंबिवलीहून सकाळच्या लोकलला कडेवर मूल घेऊन चढणं म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको.

म्हणून माझा सल्ला, आदल्या रात्री सासुरवाडीला मुक्काम कर. परळहून करी रोड, चिंचपोकळी आणि भायखळा. पोराला खिडकी मिळो न मिळो, तीन स्टेशनांत कोणी रडत नाही. भायखळ्याला पूर्वेला उतरायचं, तिथून बाग चालत दहा-एक मिनिटांवर. गर्दी वाटली तर सरळ टॅक्सी कर. सासूबाईंनाही बरोबर घे. हात दोन जास्तीचे लागतातच, शिवाय त्यांच्याशी मला एक काम आहे, ते पुढे येईल.

बाग साडेनऊला उघडते. तू साडेनऊलाच फाटकात हवास. नाश्ता करून, शी-शू उरकून, नवा डायपर बांधून. कपडे भडक रंगाचे घाल, पिवळा किंवा केशरी टीशर्ट. फाटकाशीच त्याचा पूर्ण उभा फोटो काढ. हा फोटो आठवणीसाठी नाही. देव न करो, पण हात सुटलाच तर 'आज काय घातलंय' हे सांगताना भल्याभल्यांची बोबडी वळते, तेव्हा तो दाखवता येतो. फोन नंबरची चिठ्ठी त्याच्या खिशात घाल. दोन वर्षांच्या मुलाला स्वतःचं नावसुद्धा नीट सांगता येत नाही, 'बाबा' एवढंच सांगेल, आणि बागेत बाबा शेकड्यांनी असतात.

पहिल्यांदा पेंग्विन. पुढे शाळांच्या सहली आल्या की तिथली रांग लांबते आणि आत गेल्यावर रखवालदार शिट्टी मारून 'चला, चला, पुढे चला' सुरू करतात. सकाळी काचेसमोर जरा टेकू देतात. तू स्वतः खाली उकिडवा बस. त्याला उचलून वरून दाखवू नकोस. हे पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, उभे राहिले तर जेमतेम सव्वादोन फूट. तुझा लेक पावणेतीन फुटांचा. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्याच्याहून बुटकं कोणीतरी दोन पायांवर डुलत चालताना दिसणार आहे. तो आधी त्याच्या पायांकडे बघेल, मग स्वतःच्या. मधेच एखादा पेंग्विन पाण्यात शिरतो आणि काचेला घासून सप्पकन जातो, तेव्हा मुलं मागे सरकतात आणि लगेच दोन्ही तळवे काचेवर टेकवतात. काच पुसायचा रुमाल ठेव, मागच्यांना दिसायला हवं. त्यांच्या पंखांना ओळखीच्या रंगीत पट्ट्या बांधलेल्या असतात. 'या रंगाचा कुठे गेला?' हा खेळ पाच मिनिटं सहज पुरतो.

कार्टूनमुळे तू त्याला बर्फ सांगितला असशील. हे बर्फातले नव्हेत. पेरू-चिलीच्या वाळवंटी किनाऱ्यावरचा हा पक्षी. तिथून थंड पाण्याचा प्रवाह जातो म्हणून त्याचं तिथे जमतं. मुंबईत 2016 च्या जुलैत सोलहून आठ आणले आणि 2017 च्या मार्चपासून लोकांना दाखवू लागले. त्यावरून जे राजकारण झालं ते तुला ठाऊक आहेच. एवढ्या खर्चाने परदेशी पक्षी आणावेत का, यावर माझं मत विचारशील तर मी 'नाही' म्हणेन. पण आता ते आहेत, त्यांची पिल्लं इथेच जन्मलीत, आणि तुझ्या लेकाच्या उंचीला एवढा जुळणारा प्राणी बागेत दुसरा नाही.

बाहेर आल्यावर लगेच वाघाकडे पळू नकोस. सावलीत बसव, पाणी दे, केळं दे. राणीची बाग मुळात बाग आहे हे लोक विसरतात. 1860 च्या आसपास ती वनस्पतींसाठीच आखली गेली, प्राणी मागून आले. गोरखचिंचेचं खोड बघ, चार माणसांनी हात धरले तरी कवेत येणार नाही. मुलाला खोडाला हात लावू दे, कारण सगळ्या सकाळी त्याला हात लावता येईल अशी हीच एक मोठी गोष्ट. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलास तर उर्वशी फुललेली असते, लालसर घोस झुंबरांसारखे लोंबतात. ती तू बघ, त्याला काही पडलेली नसते.

आता वाघ. इथे सासूबाईंशी माझं काम आहे.

आपल्याकडे मूल जेवेना की 'वाघोबा येईल हं', झोपेना की 'वाघाला देऊन टाकीन'. हे वर्षभर ऐकवायचं आणि मग हौसेने त्याला वाघासमोर उभं करायचं! पोरगं भोकाड पसरतं आणि आपण म्हणतो, 'घाबरतोस काय वेड्या, पिंजऱ्यात आहे तो.' त्याच्या बाजूने बघ. ज्याला आपल्याला देऊन टाकणार होते तो समोर आहे, आणि बाबांनी आपल्याला घट्ट धरून त्याच्याकडेच चालवलंय. तेव्हा जायच्या आधी पंधरा-वीस दिवस घरात आणि परळला दोन्हीकडे वाघोबाची धमकी बंद. सासूबाईंना तू सांगू नकोस, बायकोला सांगू दे.

दुसरं, 'वाघ दाखवतो' असं वचन देऊ नकोस. वाघ दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढतो, आडोशाला जातो, पाठ करून बसतो. कधी काचेपलीकडे नुसती शेपटी दिसते. वचन दिलंस की तू काचेवर टकटक करशील, ओरडशील, बाकीचे बाप करतात तेच करशील. त्याऐवजी आधीपासून म्हण, 'वाघ काय करतोय ते बघायला जाऊ.' झोपलाय? मग उत्तर मिळालं. 'झोपला. गाई गाई करतोय. हळू बोलू.' दोन वर्षांच्या मुलाला झोपलेला वाघ पूर्ण पटतो, कारण दुपारी तोही तेच करतो. निराश होतो तो बाप. आणि तुझा लेक बोट दाखवून 'माऊ' म्हणाला तर त्याला सुधारू नकोस, मांजराच्याच कुळातला आहे तो. 'हो, केवढी मोठी माऊ!' म्हण, वाघ हे नाव त्याला चार दिवसांनी आपोआप येईल.

सकाळी दहा-अकराच्या आत वाघ हिंडताना दिसण्याची शक्यता जास्त, त्यातही थंडीत. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणते. मे महिन्यात प्राणी सावलीला आणि तू घामाघूम. पावसाळ्यात झाडं सुंदर दिसतात, पण एका हातात छत्री आणि एका हातात मूल धरून काही बघणं होत नाही.

लेक घाबरलाच, तर मागे दहा पावलं घे, पाठ फिरवून पळू नकोस. तुझ्या खांद्यावरून त्याला लांबून बघू दे. पुन्हा जवळ जायचं की नाही ते त्याने ठरवायचं. तो नाही म्हणाला तर तुझा फोटो गेला, त्याचं काही गेलं नाही.

पाणघोडा वाटेत लागला तर थांब, पण त्याला वेळ लागतो. नाकपुड्या, डोळे आणि कान, एवढंच पाण्यावर. बुडाला की मोठा पाणघोडा पाचेक मिनिटं वर येत नाही, आणि दोन वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं म्हणजे दिवाळी ते दिवाळी. मग फुस्स करून नाकपुड्या उघडतात, कान गरागरा फिरतात, पाणी उडतं. ते दिसलं तर घरी आठवडाभर 'फुस्स' चालतं. मगरीचं उलट. ती हलतच नाही, आणि त्याला ती दगडाची वाटते. मगर सोडून दिलीस तरी चालेल. पाण्याखालून दाखवणाऱ्या काचेशी गर्दी नसेल तरच जा. पक्ष्यांच्या मोठ्या जाळीत मात्र अवश्य ने, तिथे आपण आत आणि पक्षी आजूबाजूला मोकळे, म्हणून त्याला मान वर करून शोधावं लागत नाही.

आणि तो जर तुझा सगळा कार्यक्रम सोडून नळाखालच्या डबक्यात आंघोळ करणाऱ्या काऊपाशी बसला, तर बसू दे थोडा वेळ. एक घास काऊचा रोज खातो, ओळखीचा आहे तो. फक्त हातातला घास त्याला टाकू देऊ नकोस. काऊला नाही, माकडाला नाही, हरणाला तर नाहीच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना डिवचणं, खायला घालणं गुन्हा आहे. शेजारचा मोठा माणूस वेफर टाकत असेल तर तुझा लेक तुझ्याकडे बघेल. तू त्या माणसाशी भांडू नकोस, रखवालदाराला सांग, पण लेकाच्या देखत सांग.

खाणं घरचंच ने, स्टीलच्या डब्यात. प्लास्टिकच्या पिशव्या फाटकातच काढून घेतात, त्यामुळे वेफरच्या पुड्यांवर विसंबू नकोस. तूप-साखरेच्या पोळीचे छोटे रोल, केळं, थोडे चुरमुरे. दही-भात नको, हात धुवायला पाणी शोधत फिरशील. बाबागाडी नेलीस तर त्यात पिशव्या जातील आणि पोर कडेवर राहील, हे गृहीत धर. जास्तीचा एक कपड्यांचा जोड ने. आणि एक टीशर्ट तुझ्यासाठीही.

साडेअकराला उलटं फिर. मग काहीही राहिलं असो. बाराच्या आत तो बाहेर हवा आणि साडेबारापर्यंत परळला जेवून आडवा. निघताना म्युझियमच्या बाजूला घारापुरीचा दगडी हत्ती आहे, त्याला टाटा करायला लाव. 1864 साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तुटला, मग 1914 मध्ये तुकडे जोडून इथे उभा केला. ही गोष्ट त्याला दहा वर्षांनी सांग, तेव्हा म्युझियमही बघा. आज नुसतं 'हत्ती, टाटा'.

रात्री 'कोणता प्राणी आवडला सांग' अशी परीक्षा घेऊ नकोस. तो पायांचं सांगेल, फुस्सचं सांगेल, शिट्टीवाल्या काकांचं सांगेल, किंवा काहीच सांगणार नाही. चालतं.

सूनबाईला आशीर्वाद सांग. तिची ड्यूटी बदलून मिळत असेल तर तीच तारीख धर, एकट्याने नेण्याचा पराक्रम नंतरही करता येईल.

तुझ्या,
बाई

ता. क. वाघाच्या धमकीऐवजी 'पोलीस येईल' सुरू करू नका. हरवलेल्या मुलाने पोलिसाकडेच जायचं असतं.