नदीपलीकडच्या शहराचं चित्र: आधी काठ पाहा

तुमचा प्रश्न असा की एकोणिसाव्या शतकातली, वाढतं शहर नदीपलीकडून दाखवणारी निसर्गचित्रं सगळी सारखीच दिसतात: पुढे गवत, मधे पाणी, मागे धूर. मग त्यात पाहायचं काय? मी म्हणेन, चित्रकाराने आपल्याला कुठल्या काठावर उभं केलंय ते आधी पाहा. मला अतिशय प्रिय असलेलं एक चित्र घेऊन सांगतो: अमेरिकी चित्रकार रॉबर्ट डंकन्सनचं, केंटकी राज्यातल्या कोव्हिंग्टनहून दिसणारं, नदीपलीकडच्या ओहायो राज्यातलं सिनसिनाटी शहर. साल १८५१ च्या आसपासचं.

शहर तेव्हा झपाट्याने वाढत होतं. १८३० मध्ये वस्ती २५ हजारांच्या आतबाहेर होती, ती १८५० मध्ये १ लाख १५ हजारांवर गेली. आगबोटींचा व्यापार आणि डुकराच्या मांसाचे कारखाने यांवर ते उभं राहिलं. डुकरांच्या चरबीतून साबण आणि मेणबत्त्या बनत. प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबण-मेणबत्त्यांची कंपनी १८३७ साली इथेच सुरू झाली. चित्रात मात्र हे सगळं लांब, डोंगरांच्या पायथ्याशी, धुरकट उजेडात आहे. जवळ आहे तो कोव्हिंग्टनच्या बाजूचा गवताळ उतार. तिथे एक काळी बाई कपडे वाळत घालतेय आणि हातात विळा घेतलेला एक काळा माणूस गवतात बसलेल्या दोन गोऱ्या पोरांशी बोलतोय.

आता काठांचा हिशेब मांडा. केंटकीत गुलामगिरी कायदेशीर होती, ओहायो राज्यात तिला बंदी. मधे ओहायो नदी, आणि तिच्यावर तेव्हा पूलही नव्हता. जॉन रोब्लिंग या अभियंत्याचा झुलता पूल १८६६ साली झाला. त्यातच १८५० च्या कायद्याने पळून आलेल्या गुलामाला ओहायोतूनही पकडून परत नेणं आणखी सोपं झालं. मदत करणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे पलीकडचा काठ दिसत होता, पण तिथे पोचूनही सुटका झालीच असं नव्हतं. १८५६ च्या जानेवारीत मार्गारेट गार्नर ही केंटकीतली गुलाम बाई मुलाबाळांसह हीच नदी, गोठलेली असताना, ओलांडून सिनसिनाटीत आली आणि तिथेच पकडली गेली.

डंकन्सन स्वतः आफ्रिकी वंशाचा, जन्माने स्वतंत्र. आधी घरं रंगवायचा, चित्रकला बरीचशी आपली आपण शिकला. सिनसिनाटीतल्या निकोलस लाँगवर्थ या धनिकाने त्याच्याकडून घराच्या भिंतींवर मोठमोठी निसर्गदृश्यं काढून घेतली. ते घर आज टाफ्ट संग्रहालय आहे. यादवी युद्धाच्या काळात तो कॅनडाला गेला आणि १८७२ साली वारला. त्याच्या चित्रांत वंशाचा प्रश्न फारसा नाही, असं काही जण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. या चित्रात साखळदंड नाही, फटका नाही, हे खरं. पण त्या दोघांना त्याने गुलामगिरीच्या काठावर कामाला लावलंय आणि त्यांच्या नजरेच्या टप्प्यात गुलामगिरीला बंदी असलेला काठ ठेवलाय. याहून स्पष्ट काय बोलायचं?

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना.

यानंतर विल्यम वाइल्ड या इंग्रज चित्रकाराचं १८५२ चं, कर्सल मूर या माळावरून दिसणारं मँचेस्टर जरूर पाहा. पुढे शेळ्या आणि एक खेडूत जोडपं, मागे सोनेरी उन्हात गिरण्यांची धुराडी. ते राणी व्हिक्टोरियाने सांगून काढवून घेतलं होतं. तिथे पुढची माणसं शोभेला आहेत. डंकन्सनच्या चित्रातून ती दोघं काढली तर चित्रच उरत नाही.