करवलीच्या घाऱ्या लेन्स

प्रश्न: डॉक्टर, मी देवगडजवळ राहते, वय 19. मे महिन्यात मावसबहिणीचं लग्न आहे, पार्लरवाल्या ताई म्हणतात करवलीला घाऱ्या लेन्स शोभतील. त्यांच्याकडे एक जोडी आहे, तीच सगळ्यांना लावतात. मागे वहिनीला लावताना खाली पडली तर विहिरीच्या पाण्याने धुऊन परत घातली, डोळा दोन दिवस लाल होता मग बरा झाला. मला तर चष्मापण नाही, मग लावायला काय हरकत आहे?

उत्तर: अगं हरकत आहे, आणि मोठी आहे. ती जोडी अजिबात लावू नकोस. वहिनीचं थोडक्यात निभावलं.

बुबुळावर जो काचेसारखा पडदा असतो ना, कॉर्निया, त्यात रक्तवाहिन्याच नसतात, तो ऑक्सिजन घेतो हवेतून, अश्रूंमार्फत. रंगीत लेन्समधून तो बऱ्याचदा कमी पोचतो, त्यात प्रत्येकीच्या बुबुळाचा बाक वेगळा, वहिनीला बसली ती तुला घासणार, आणि मांडवात तू सकाळपासून रात्रीपर्यंत तशीच. चष्मा नसण्याचा इथे काही संबंध नाही. अमेरिकेत 2005 पासून बिननंबरच्या रंगीत लेन्सलाही डॉक्टरची चिठ्ठी लागते, ती याचसाठी.

मला खरी भीती त्या पाण्याची वाटते. विहीर कितीही नितळ असू दे, त्यात अकॅन्थअमीबा नावाचा डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म जीव असू शकतो, नळाच्या आणि समुद्राच्या पाण्यातही असतो. तो लेन्सला चिकटून येतो आणि खरचटलेल्या कॉर्नियात शिरला की महिनोन्‌महिने औषधं. स्यूडोमोनास नावाचे जिवाणू तर एक-दोन दिवसात जखम करतात, जखम भरली तरी पांढरा डाग राहतो, आपल्याकडे डोळ्यात फूल पडलं म्हणतात ते हेच. मधोमध पडलं तर नजर गेलीच समज.

हौस आहे तर कर की, पण आधी डोळे तपासून माप घे आणि स्वतःची, एकदा वापरून टाकायची जोडी घे. हात साबणाने धुऊन कोरडे कर, आधी लेन्स, मग काजळ-मेकअप. रात्री मेकअप पुसायच्या आधी लेन्स काढायची, कितीही दमलीस तरी ती घालून झोपायचं नाही.

डोळा दुखला, लाल झाला, उजेड सहन होईना तर लेन्स लगेच काढ आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून कुठलातरी ड्रॉप आणून घालू नकोस, त्यात स्टेरॉइड असलं तर इन्फेक्शन आणखी पसरतं. काढलेली लेन्स फेकू नकोस, स्वच्छ डबीत घालून बरोबर ने, तिच्यावरून जंतू कुठला ते शोधायला मदत होते.

आणि पार्लरच्या ताईंना हे वाचायला दे.