पहाडी आवाज कुणाचा म्हणावा?

प्रश्न अचलपूर तालुक्यातल्या एका गावातून आला आहे. तिथे शारदोत्सवात 'थोर पुरुष आवाज' असा गाण्यांचा कार्यक्रम बसतो आहे. भीमसेन जोशींपासून किशोरकुमार आणि थेट इटालियन ऑपेरागायक पाव्हारोत्तीपर्यंत सगळे त्यात आहेत. निवेदनात 'पहाडी आवाजाचे किशोरकुमार' असं लिहिलं, तर गावातले वयस्कर शाहीर म्हणाले, "थो पहाडी नाही गा, पहाडी येगळा रायते." विचारणा अशी: पहाडी म्हणजे खर्जातला भारी आवाजच ना? की राग पहाडीशी संबंध आहे? आणि बाकीच्यांसाठी कोणते शब्द वापरावेत?

शाहीरबुवांचं म्हणणं बरोबर आहे. उंच पट्टीत चढूनही जो पातळ होत नाही, फाटत नाही आणि लांबवर भरीव पोचतो, तो पहाडी आवाज. खोल, जड आवाज हा वेगळा गुण आहे, त्याला खर्जाचा किंवा ढाला आवाज म्हणतात. राग पहाडी हा हिमालयाकडच्या लोकधुनांशी नातं सांगणारा, मृदू स्वभावाचा राग आहे. त्याचा आणि या विशेषणाचा काही संबंध नाही.

हा शब्द नीट कळायला माईक नसलेला काळ डोळ्यांपुढे आणावा लागतो. आपल्या विदर्भातली खडी गंमत, म्हणजे शाहिरी लोकनाट्य, घ्या. मोकळं आवार, थंडीची रात्र, मधे उभा शाहीर. दवाने डफाचं कातडं ढिलं पडतं, म्हणून तो शेकोटीवर धरून ताणून घेतात. तुणतुण्याचा बारीक, टोकदार सूर सतत चालू. या सगळ्याच्या वर शब्द न शब्द शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हातारीला कळला पाहिजे. शाहीर एक तळहात कानाशी नेतो, मान किंचित वर करतो आणि ओळीचं शेवटचं अक्षर टिपेला नेऊन सोडतो. ते खाली पडायच्या आत झीलकरी, म्हणजे मागे सूर धरणारे साथीदार, उचलून धरतात. बैठकीतले पुरुष गवई बहुतेक पेटीच्या काळी एक-काळी दोन या पट्ट्यांच्या आसपास षड्ज, म्हणजे 'सा', धरतात. शाहीर त्याहून बराच वर सुरू होतो, कारण खालच्या पट्टीत त्याचं काम भागत नाही.

यामागे ध्वनिशास्त्रही आहे. आपला कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो. खोल आवाज त्याच जोराचा असला तरी कानाला कमी वाटतो. पाश्चात्त्य ऑपेराचे गायक गळ्याची ठेवण अशी कमावतात, की ३००० हर्ट्झच्या आसपास त्यांच्या आवाजात जादा तेज येतं. ऑर्केस्ट्राचा जोर त्याच्या बराच खाली, ५०० हर्ट्झच्या जवळपास असतो. म्हणून एकटा माणूस माईकशिवाय सगळ्या वाद्यांवरून ऐकू येतो. पाव्हारोत्तीने १९७२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात एकाच गाण्यात नऊ वेळा वरचा 'सी' लावून लोकांना वेडं केलं. पांढरी एकला षड्ज धरला, तर हा सूर तार सप्तकही ओलांडून पलीकडचा षड्ज होतो. तेव्हा तुमच्या यादीतल्या या इटालियन माणसाला निवेदनात बिनदिक्कत पहाडी म्हणा.

मराठीत हा शब्द शोभतो तो शाहीर साबळे, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांना. कवी राजा बढे नागपूरचे. त्यांचं 'जय जय महाराष्ट्र माझा' श्रीनिवास खळ्यांच्या चालीत साबळ्यांनी गायलं आणि २०२३ साली ते राज्यगीत झालं. ते ऐकताना आवाज वर चढतो तिथे लक्ष द्या. उंचीबरोबर त्याची रुंदी कायम राहते. पहाडी म्हणतात ते हेच.

तुकडोजी महाराजांसाठी मात्र मी 'खडा आवाज' म्हणेन. खंजिरीचा ठेका कडक, भजन लोकांना जागं करायला म्हटलेलं. तिथे सूर सरळ आणि ताठ लागतो, आढेवेढे नाहीत. खडा आवाज पहाडी असेलच असं नाही.

आता एक भेद, जो निवेदकांकडून फार वेळा सुटतो आणि मला खटकतो. आवाज वेगळा आणि गळा वेगळा. आवाज लागतो, बसतो, फुटतो, फाटतो. गळा तापतो, फिरतो, तयार होतो. आवाज म्हणजे नाद, त्याची जात. गळा म्हणजे त्या नादाला वळवायची ताकद. आपल्या वऱ्हाडीत 'त्याचा गया फिरते' म्हणतात ते अगदी नेमकं आहे. याचं सगळ्यात झळझळीत उदाहरण मूर्तिजापुरात जन्मलेले वसंतराव देशपांडे. त्यांच्या आवाजाला कुणी मखमली म्हणणार नाही, पहाडीही नाही. पण गळा असा, की तान कुठून निघून कुठे उतरेल याचा अंदाज करता करता ऐकणारा थकतो. त्यांच्या परिचयात 'गोड आवाजाचे' लिहू नका. 'विलक्षण फिरत असलेला गळा' लिहा. भीमसेनजींकडे आवाज आणि गळा दोन्ही होते; त्यांना 'बुलंद' चांगला शोभतो, पहाडी म्हटलं तरी चूक नाही.

सिनेसंगीत मात्र माईकचं अपत्य. तिथे कुजबुजीलाही किंमत आली. तलत महमूद यांचा मखमली, कंप असलेला आवाज खडी गंमतीत पहिल्या रांगेपलीकडे गेला नसता, आणि माईकपुढे त्यानेच माणसं विरघळली. हेमंतकुमारांचा आवाज ढाला. रफीसाहेब पल्लेदार: खालून वरपर्यंत मोठा पल्ला आणि मधे कुठे सांधा दिसत नाही. 'बैजू बावरा'तली (१९५२) त्यांची टीप पहाडीच आहे, पण त्या एका गुणात त्यांना कोंबू नये. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या रॉकगायक फ्रेडी मर्क्युरीलाही पल्लेदारच म्हणा. अमेरिकेचे गायक पॉल रोबसन हा खर्जाचा मासला. (खर्ज हे षड्जाचंच रूप, रूढीने ते खालच्या सप्तकासाठी स्थिरावलं.)

राहिले किशोरकुमार. खंडव्याचे, म्हणजे मेळघाटाच्या पलीकडचे, आपले शेजारीच. त्यांचा आवाज भरदार, मोकळा आणि मर्दानी. यॉडलिंगमध्ये तो भरीव सुरातून बारीक सुरात मुद्दाम उडी मारतो, आणि मौज त्या उडीतच असते. पहाडी आवाज असा कुठे बारीक होत नाही. म्हणून 'भरदार आवाजाचे किशोरकुमार' असं लिहा.

लिहिताना 'डी' दीर्घ. विशेषण बदलत नाही: पहाडी आवाज, पहाडी आवाजाचा, पहाडी आवाजात. 'पहाडी गायकी' लिहिणं टाळा, वाचणाऱ्याला ते पहाडी मुलखातलं गाणं वाटेल.