कपाच्या बुडाचा लाल ठिपका

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी एचआरचं काम बघते. ६२ माणसं आहेत. त्यातली १९ ओडिशा-बिहारची, कोअर शॉपला (साच्यातले गाभे बनवतात तिथं) ७ बायका. आठ महिन्यांपूर्वी फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करतात तिथं, एका ३१ वर्षांच्या डिप्लोमावाल्या मुलाला सुपरवायझर केलं. तो अनुसूचित जातीतला आहे. तेव्हापासून पंधरा-पंधरा वर्षं काढलेले चारपाच जण त्याचं ऐकत नाहीत. एकदा शॉपमध्ये सगळ्यांसमोर जातीवरून बोलले. शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तसलाच एक मेसेज पडला. परप्रांतीय मुलं त्याचं ऐकतात म्हणून ‘भैय्यांचा साहेब’ म्हणून चिडवतात. मागच्या आठवड्यात त्यानं चहाचा एक कप आणून माझ्या टेबलावर उलटा ठेवला. बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. त्याचा कप वेगळा ओळखू यावा म्हणून. मालक म्हणतात, “पोरगा चांगला आहे, पण शॉप पेटायला नको. त्याला स्टोअरला टाका, पगार तोच ठेवा, आणि तक्रार नाही असं स्टॅम्पवर लिहून घ्या.” ऑर्डरवर सही माझी जाणार. करू का? उद्या काही झालं तर माझ्यावर येईल का?

उत्तर : ताई, सही करू नका. आणि येईल का म्हणाल, तर येऊ शकतं. कसं ते सांगतो.

तुमच्याकडं दोन भांडणं एकाच पोत्यात भरलेली आहेत. एक भांडण बढतीचं. पंधरा वर्षं ग्राइंडरची धूळ खाल्लेल्या माणसाला वाटतं की खुर्ची आपली होती. हे वाटणं बेकायदा नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडं तथ्यही असेल. बढती कशावर दिली, डिप्लोमा बघितला की रिजेक्शनचे आकडे, हे तुमच्या मालकांनी कुणाला सांगितलेलं दिसत नाही. दुसरं भांडण कपाचं. पहिल्यात बसून बोलता येतं. दुसऱ्यात बोलण्यासारखं काही नाही, तिथं चौकशीच करावी लागते. मालक दोन्ही एकत्र ‘मिटवायला’ निघालेत आणि त्याची किंमत तक्रारदाराकडून वसूल करतायत.

आता कायदा. खाजगी कारखान्यात जातीवरून भेदभाव करू नये असा एकच सर्वसमावेशक कायदा आपल्याकडं नाही. पण म्हणून मोकळं रान आहे असंही नाही. राज्यघटनेचं कलम १७ अस्पृश्यता रद्द करतं आणि ते फक्त सरकारी कचेरीपुरतं नाही. त्यावर आधारलेला १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा वकीलसुद्धा फारसा उघडत नाहीत, पण तुमच्या कपासाठी तोच आधी उघडायचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला एखाद्या नोकरीत, कामधंद्यात अडथळा केला तर कलम ४, अपमान केला तर कलम ७. शिक्षा एक ते सहा महिने, दंड १०० ते ५०० रुपये, म्हणजे हल्ली हसू येईल इतका. मात्र कलम १२ बघा. असं कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडलं, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडलं असं न्यायालय गृहीत धरतं. उलट सिद्ध करायचं ओझं आरोपीवर. “ठिपका सहज लावला होता की साहेब,” हे मग कोर्टात पटवून द्यावं लागतं.

याच कायद्याचं कलम १४ तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. गुन्हा कंपनीचा ठरला तर कारभार बघणारा जबाबदार धरला जातो, आणि मॅनेजर किंवा इतर अधिकाऱ्याची संमती दिसली तर तोही. भागीदारी फर्मसुद्धा यात ‘कंपनी’च. स्टोअरची बदली म्हणजे लगेच गुन्हा, असं मी म्हणत नाही. बदली करायचा अधिकार मालकाला असतोच. पण चौघांना याच्या जातीचा माणूस वर नको म्हणून याला खाली उतरवलं, असं चित्र उभं राहिलं आणि त्या कागदावर तुमची सही निघाली, तर ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव तुम्हाला उरत नाही. कप तुमच्याच टेबलावर आला होता.

जातीवरून बोलले त्याला अ‍ॅट्रॉसिटी लागते. १९८९ च्या कायद्याचं कलम ३(१), त्यातली आर आणि एस ही पोटकलमं : लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर अपमान, किंवा जातीचं नाव घेऊन शिवीगाळ. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. बचावाचा वकील पहिला हल्ला ‘लोकांच्या नजरेसमोर’ या शब्दांवर करणार. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेलं बोलणं यात बसत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात म्हटलंय. केबिनमध्ये दोघंच असते तर अडचण होती. तुमच्याकडं ग्राइंडर बंद करून, सगळी शिफ्ट ऐकत असताना बोलले असतील तर हा बचाव तितका सोपा जाणार नाही. कोण कुठं उभं होतं, हे आजच लिहून ठेवा. व्हॉट्सॲपचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. मूळ मेसेज ज्या फोनमध्ये आहे तो फोन जपायचा, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. ग्रुप डिलीट करा, असा शहाणपणा कुणी सुचवला तर ऐकू नका. पुरावा नष्ट केल्याचा ठपका वेगळा येईल.

पोलिसांत जायचं की नाही, हे त्या मुलानं ठरवायचं. तुम्ही त्याला ढकलूही नका, अडवूही नका. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८ अ मुळं एफआयआरच्या आधी प्राथमिक चौकशी लागत नाही, आणि तपास डीवायएसपी दर्जाचा अधिकारी करतो. हे मालकांना शांतपणे सांगा. मग ‘मिटवून टाका की’चा सूर थोडा बदलतो, असा माझा अनुभव आहे.

स्टॅम्पचं म्हणाल तर आता १०० चा चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून किमान ५०० चा. पाचशे रुपये वाया, दुसरं काही नाही. गुन्ह्याची तक्रार करणार नाही असा करार कराराच्या कायद्याच्या कलम २३ खाली पोकळ आहे. उलट तो कागद दबाव टाकल्याचा पुरावा म्हणून त्या मुलाच्याच वकिलाच्या फाइलला लागेल. मी त्याचा वकील असतो तर पहिला तोच मागितला असता.

मग करायचं काय? त्या मुलाकडून त्याच्याच शब्दांत लेखी तक्रार घ्या. तुम्ही मजकूर सांगू नका, भाषा सुधारू नका. पोच द्या, तारीख-वेळ टाका. कप धुवायला जाऊ देऊ नका. फोटो काढा, कागदात गुंडाळून पाकिटात घाला, वर दोघांच्या सह्या घ्या, कपाटात कुलूप. चहा कोण आणतं, कप कुठं ठेवतात, नेलपॉलिश कुणाची, हे विचाराल तेव्हा सगळं बालंट कोअर शॉपच्या बायकांवर ढकलायचा प्रयत्न होईल. सांभाळा. ठिपका लावणारा हात आणि लावायला सांगणारं तोंड एकच असेल असं नाही.

लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती तुमच्याकडं असेलच. दहा किंवा जास्त माणसं असली की २०१३ च्या कायद्यानं ती हवीच, नसेल तर हा वेगळा डोस. पण हे प्रकरण तिच्याकडं टाकू नका, तिचं काम महिलांच्या तक्रारींचं. यासाठी स्वतंत्र चौकशी अधिकारी नेमा, शक्यतो कारखान्याबाहेरचा. चौघांना आरोप लेखी द्या, खुलाशाला मुदत द्या, साक्षीदार तपासा, चौघांना त्यांच्या उलटतपासाची संधी द्या. ही पायरी गाळून कुणाला काढलं तर तो माणूस अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली ९० दिवसांत कोर्टात जाईल आणि बहुधा जिंकेल. चुकीचा माणूस बरोबर प्रक्रियेअभावी जिंकतो, हे मी कोल्हापुरातच किती वेळा बघितलंय.

तो मुलगा स्वतः त्या कायद्याखाली जाऊ शकेल का? इथं एक गोम आहे. देखरेखीचं काम करणारा आणि ठरावीक मर्यादेच्या वर पगार घेणारा ‘कामगार’ धरला जात नाही. जुन्या कायद्यात ती मर्यादा १०,००० होती, २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० आहे. पण कोर्ट हुद्दा बघत नाही, काम बघतं. तो दिवसातला बराच वेळ स्वतः ग्राइंडर धरत असेल आणि रजा मंजूर करायचा अधिकारही त्याला नसेल, तर पाटीवर सुपरवायझर लिहून काही होत नाही.

ओडिशा-बिहारच्या मुलांचा मुद्दा तुम्ही जाताजाता लिहिलाय, मला तो तसा वाटत नाही. ती मुलं त्याचं ऐकतात याचं कारण तो त्यांच्याशी हिंदीत बोलतो, इतकं साधं असू शकतं. फर्नेसजवळच्या सूचना कुठल्या भाषेत आहेत ते एकदा बघा. मराठीचा आग्रह जरूर धरा, मीही धरतो, पण वितळलेल्या लोखंडाशेजारी पाटी वाचता आलीच पाहिजे. आणि चौकशीत ती १९ मुलं साक्षीदार आहेत. त्यांना दुभाष्या द्या, नाहीतर जबाब निरुपयोगी.

मालकांना एक ऐकीव नव्हे, नोंदलेली गोष्ट सांगा. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल टाकलं तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा पीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजत. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतं तेही याच रस्त्यावर. प्रकरण तिथवर गेलं तर रस्ता जवळचा आहे, फी मात्र मुंबईचीच लागते.

सोमवारी मालकांना एक मेल टाका, तोंडी नको. दोन ओळी पुरेत : “तक्रार गंभीर आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत तक्रारदाराची बदली करू नये, गरज पडल्यास आरोप असलेल्यांची शिफ्ट बदलावी, असं माझं मत आहे.” प्रत स्वतःच्या खाजगी मेलवर ठेवा. आणि जुन्या चौघांसाठी बढतीचे निकष कागदावर आणून नोटीस बोर्डावर लावायला सांगा. त्यांचं ते भांडण खरं आहे, त्याचं उत्तर त्यांना मिळालं पाहिजे.